गणितापाशी अडलेली मुले : टेनेसीचे वार्तापत्र

चॅटनुगा (टेनेसी) : अमेरिकेत बारावीला बोर्डाची परीक्षा नसते. शाळेने आखून दिलेले विषय पुरे केले, ठरलेले श्रेयांक जमवले, की हायस्कूलचा डिप्लोमा हाती पडतो. कॉलेजचे समाधान मात्र तेवढ्याने होत नाही. टेनेसी राज्यात अकरावीची मुले ‘एसीटी’ नावाची चाचणी देतात. तिच्यात गणिताला ३६ पैकी १९ हून कमी गुण पडले, तर कॉलेजच्या गणितासाठी त्या मुलाची तयारी झालेली नाही असे धरले जाते. असा मुलगा दोन वर्षांच्या सरकारी कम्युनिटी कॉलेजात गेला, की तिथे त्याला पुन्हा शाळेचेच गणित शिकावे लागे. फी भरायची, परीक्षा द्यायची, आणि पदवीसाठी श्रेयांक एकही नाही.

राज्याच्या कम्युनिटी कॉलेजांत येणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांवर अशा पूर्वतयारीच्या वर्गांची वेळ येई आणि त्यांतली बरीच तिथेच गळत. दोष मुलांचा नव्हता. शाळा आपला अभ्यासक्रम संपवत होती, कॉलेज आपला सुरू करत होते. दोन्हींचा सांधा जुळतो की नाही, हे पाहणे कोणाचेच काम नव्हते.

ते काम अंगावर घेतले चॅटनुगातल्या शिक्षकांनी. टेनेसी नदीकाठचे हे कारखान्यांचे शहर. इथल्या चॅटनुगा स्टेट कम्युनिटी कॉलेजच्या गणित विभागाने जवळच्या रेड बँक हायस्कूलमधल्या शिक्षकांशी बसून विचार केला. कॉलेजात गेल्यावर जे पुन्हा शिकवायचे, ते बारावीतच का शिकवू नये? कोण मागे आहे हे एसीटीच्या निकालावरून कळलेले असते आणि बारावीचे अख्खे वर्ष हाताशी असते. ‘सेल्स’ या नावाने ही योजना पुढे सरकारी पैशातून राज्यभर पसरली.

हे वर्ग नेहमीच्या गणिताच्या तासापेक्षा वेगळे असतात. प्रत्येक मुलासमोर संगणक असतो. अभ्यासक्रमाचे पाच भाग पाडलेले असतात आणि एक भाग पक्का झाल्याशिवाय पुढचा उघडत नाही. त्यामुळे शेजारीशेजारी बसलेल्या दोघांतला एक समीकरणे सोडवत असतो, तर दुसरा आलेखापर्यंत पोहोचलेला असतो. शिक्षक वर्गासमोर उभे राहून सर्वांना एकच धडा देत नाहीत. ते फिरत राहतात आणि जो अडला असेल त्याच्यापाशी थांबतात. पाचही भाग पुरे झाले, की त्या मुलाला कॉलेजात थेट श्रेयांकाच्या गणिताला बसता येते.

कॉलेजपर्यंत पोहोचवण्याच्या या धडपडीला २०१४ साली पैशाची जोड मिळाली. गव्हर्नर बिल हॅस्लम यांनी ‘टेनेसी प्रॉमिस’चा कायदा केला. २०१५ मध्ये हायस्कूल संपवणाऱ्या तुकडीपासून कम्युनिटी कॉलेजची, तसेच आपल्या आयटीआयशी नाते सांगणाऱ्या तंत्रशिक्षण संस्थांचीही, इतर मदतीतून न भागलेली फी राज्य भरू लागले. विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात ८ तास समाजकार्य करायचे आणि नेमून दिलेल्या मार्गदर्शकाच्या संपर्कात राहायचे. ही मदत फार तर पाच सत्रे मिळते. त्यातले एक सत्र शाळेच्या गणितात गेले, तर उरलेल्या चारांत पदवी पुरी करताना मुलाची दमछाक होणार.

मग ‘सेल्स’ने काय साधले? हार्वर्डचे थॉमस केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची पाहणी केली. मुले श्रेयांकाच्या गणितापर्यंत लवकर पोहोचली आणि त्यांच्या खात्यावर थोडे जास्त श्रेयांक जमा झाले. पण त्यांचे गणित काही सुधारलेले दिसले नाही. हा निष्कर्ष बोचरा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. मुलांचा वेळ वाचला, पैसे वाचले, पण त्यांना गणित अधिक येऊ लागले नाही.

कॉलेजांनी दुसरीकडून केलेला बदल जास्त लागू पडला. २०१५ पासून राज्याच्या कम्युनिटी कॉलेजांनी पूर्वतयारीचे वेगळे सत्रच बंद केले. कच्चा विद्यार्थीही पहिल्याच सत्रात संख्याशास्त्राला बसतो आणि त्याच आठवड्यात जोडीच्या तासाला त्याची अडलेली बाजू पक्की करून घेतली जाते. पूर्वी अशा शंभरांतले जेमतेम बारा जण वर्षभरात कॉलेजचे गणित उत्तीर्ण होत. नव्या पद्धतीत निम्म्याच्या वर होऊ लागले.

रोजगाराशी याचा संबंध बघायला शहराबाहेर फार लांब जावे लागत नाही. ज्या फोक्सवॅगनचा कारखाना आपल्या चाकणला आहे, तिच्याच गाड्या २०११ पासून इथेही तयार होतात. कारखान्याच्या आवारात हायस्कूलच्या शेवटच्या दोन वर्षांतली मुले मेकॅट्रॉनिक्स शिकतात आणि त्याचे श्रेयांक चॅटनुगा स्टेटमधल्या त्यांच्या खात्यावर जमा होतात. यंत्रमानवाचा हात किती अंशांत वळवायचा, हे ठरवायला त्रिकोणमिती लागतेच. इथे मुलाला तिचा उपयोग समोर दिसतो. शाळा, कॉलेज आणि कारखाना यांनी मिळून अभ्यासक्रम आखला तर काय होते, याचे हे सर्वांत पटणारे उदाहरण. मात्र त्यात मोजक्याच मुलांना जागा मिळते.

बाकीच्यांचे चित्र चिंतेचे आहे. टेनेसीत २०१९ साली हायस्कूल संपवलेल्यांपैकी ६१.८ टक्के मुले लगेच पुढच्या शिक्षणाला गेली. करोनानंतर, २०२१ च्या तुकडीत, हे प्रमाण ५२.८ टक्क्यांवर आले. फी माफ असूनही जवळजवळ निम्मी मुले कॉलेजच्या दारापर्यंत येईनात. ज्या चिकाटीने इथल्या शिक्षकांनी गणिताचा सांधा जुळवायला घेतला, त्याच चिकाटीने आता या मुलांच्या घरी जायला हवे.