कोतवाल बुकातले पूर्वज

सप्टेंबर २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी तहसील कचेऱ्यांचे अभिलेख कक्ष उघडले. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, कुळ नोंदवह्या, शाळांची जनरल रजिस्टरे, खरेदीखते, दत्तकपत्रे हे तर तपासायचे होतेच. ताडीच्या नोंदवह्या आणि कच्च्या कैद्यांची रजिस्टरेही यादीत होती. पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे जाहीर झाले. त्या आकड्यावरून राजकारण भरपूर झाले, पण घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यासाठी खरी मोलाची गोष्ट ही यादीच होती. सामान्य माणसाचा पणजोबा कुठल्या कागदात भेटू शकतो, याचा पत्ताच तिने दिला. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य कुटुंबांचा इतिहास छापील कुलवृत्तान्तांत नाही, तो या रुक्ष दप्तरात आहे. एका शब्दासाठी चाळलेले हे दप्तर आता नावांसाठी आणि सर्व जातींसाठी उघडले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

आजवर घराण्याचा शोध म्हटले की तीन वाटा सांगितल्या जात: कुलवृत्तान्त, तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि पुण्याचे पुराभिलेखागार. तिन्हींचे ऋण मोठे आहे. पण कुलवृत्तान्त निघाले ते मुख्यतः शिकल्या-सवरलेल्या, पांगूनही एकमेकांशी पत्रव्यवहार राखणाऱ्या घराण्यांचे. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या वह्यांत नाव लागायचे तर यात्रेला जाण्याइतकी ऐपत हवी आणि उपाध्यायाने नाव लिहून घ्यावे अशी जातही हवी. पेशवे दप्तरातल्या कोट्यवधी कागदांत इनामदार, देशमुख, पाटील, कुलकर्णी पानोपानी दिसतात. ज्याच्याकडे ना वतन ना तंटा, तो शेतमजूर क्वचितच.

गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीचे, म्हणजे कोतवाल बुकाचे, तसे नाही. गावात मूल जन्मले किंवा कोणी दगावले की नोंद व्हायची, मग घर कोणाचेही असो. बापाचे नाव, जात, मृत्यूचे कारण अशा एका ओळीत पटकीच्या किंवा प्लेगच्या साथीत एकाच घरातली माणसे पाठोपाठ गेल्याचे कळते, आणि ते कुठल्याही वंशवृक्षात दिसत नाही. जुन्या महसुली कागदांत आडनाव बहुधा नसतेच. ‘रामजी बिन धोंडजी’ एवढ्यावर माणूस ओळखावा लागतो आणि एका गावात असे दोन रामजी निघाले की जमिनीच्या सर्व्हे नंबरावरून त्यांना वेगळे करावे लागते. बायकांचा माग त्याहून अवघड. वंशावळीच्या पुस्तकात त्या कोणाची तरी पत्नी म्हणून येतात, लेकी तर गळतातच. फेरफारात मात्र विधवेचे नाव लागते. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारस नोंदीत मुलींची नावे येऊ लागली, सासरच्या गावासह. त्यातल्या कितीतरी जणींची नावे पुढे हक्कसोडपत्रातच भेटतात: वाटा सोडताना केलेली सही किंवा अंगठा, एवढाच त्यांचा माहेरच्या दप्तरातला पुरावा. तो अन्यायाचा कागद आहे; तरीही कुटुंबाच्या इतिहासात त्यांना परत आणणारा कागदही तोच आहे.

हे कागद भरवशाचे नाहीत, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो खरा आहे. शाळेच्या रजिस्टरात अर्धा गाव १ जूनला जन्मलेला असतो, कारण ती तारीख मास्तरांनी घातलेली असते. वये अंदाजाने लिहिलेली, नावे ऐकू आली तशी. पण या चुका बेपर्वाईच्या आहेत. कोणाचे कूळ थोर दाखवण्याची गरज त्या कारकुनाला नव्हती, कुलवृत्तान्ताच्या संपादकाला कधीकधी असे. शाळेची नोंद, फेरफार आणि मृत्यूची नोंद शेजारी ठेवली की बेपर्वाईची चूक उघडी पडते. हेतूने केलेली बदलाबदल इतक्या सहजी सापडत नाही. आज या नोंदींवर जातीचे दाखले मिळतात, म्हणून खाडाखोडीचा मोह नव्याने उभा राहिला आहे. मूळ पान जपण्याचे ते आणखी एक कारण.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: पूर्वज शोधणे म्हणजे जात उगाळणे. सध्याच्या शोधाला तो लागू पडतो. ओळीतला जातीचा रकाना तेवढा उचलला जातो, माणूस तिथेच राहतो. उपाय कागद बंद ठेवण्याचा नाही, पूर्ण ओळ वाचण्याचा आहे. अलीकडच्या नोंदींना, विशेषतः तुरुंगाच्या आणि पोलिसांच्या, काही दशकांची मुदत जरूर असावी. हयात माणसांची माहिती चव्हाट्यावर येऊ नये.

अडचण आहे ती सूचीची. शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर जुने सात-बारे, फेरफार घरबसल्या मिळतात, पण त्यासाठी गाव आणि गट किंवा सर्व्हे नंबर माहीत हवा, केवळ आजोबांचे नाव माहीत असणाऱ्याला तिथे दार नाही. त्याआधीच्या कागदांची लिपी मोडी, मराठवाड्यात बरेचसे उर्दू. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते, शिकणारेही येतात. त्यांना तालुक्याच्या दप्तरात नावांची सूची करण्याचे मानधनाचे काम मिळाले पाहिजे. नुसत्या स्कॅनिंगने न वाचता येणारा कागद न वाचता येणारे चित्र होतो.

मॉरिशसचे उदाहरण इथे लागू आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटिया मजुरांची रजिस्टरे आहेत. मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांना त्यांत पूर्वजाचे नाव, बापाचे नाव, जिल्हा, गाव यांचा माग लागतो. काहींचे छायाचित्रही असते. कंत्राटी मजुरीसाठी केलेली ही नोंद त्या बेटावर नावाने शोधता येते. तीच नावे घेऊन तो वंशज रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या कचेरीत आला, तर त्याला पहिल्यांदा सर्व्हे नंबर विचारला जाईल.