पाणी एकच, पिसं निराळी

पक्षी पाण्यावर तरंगतो यात कुणाला नवल वाटत नाही, इतकं ते आपल्या नजरेच्या सवयीचं झालं आहे. पण हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी पुण्याच्या पाषाण तलावाच्या काठी अर्धा तास स्वस्थ उभं राहा. राम नदी अडवून इंग्रजी अमदानीत केलेला हा तलाव काही फार मोठा नाही. तेवढ्याशा पाण्यातही कुणी किती बुडायचं याची तऱ्हा प्रत्येक पक्ष्याची वेगळी आहे, आणि ती त्याच्या पिसांपासून हाडांपर्यंत मुरलेली आहे.

हळदी-कुंकू बदक ओळखायला सोपं. काळी चोच, टोकाला पिवळी, कपाळाशी लाल ठिपके. हे बदक बुचासारखं वरच राहतं. त्याच्या प्रत्येक पिसाच्या दांडीला बारीक शाखा असतात, शाखांना उपशाखा, आणि त्या उपशाखा सूक्ष्म आकड्यांनी एकमेकींत गुंतलेल्या. ही वीण इतकी दाट, की थेंब आत न शिरता गोल होऊन ओघळतो आणि पिसांखाली कोंडलेली हवा कोरडी राहते. मधूनमधून बदक शेपटीच्या मुळाशी चोच घासतं. तिथे तेलाची ग्रंथी असते. ते तेल फासून पिसं मऊ आणि शाबूत ठेवली जातात. एवढ्या हवेनिशी बुडी मारणं अवघडच. म्हणून ते डोकं खाली, शेपूट वर करून उथळ पाण्यातलं खाद्य वेचतं.

टिबुकलीचं मात्र सगळं आयुष्य बुडीवर चालतं. तिच्याकडे नीट बघा. कधी ती सूर मारते, तर कधी धोका जाणवला की पिसं अंगाशी आवळून त्यांतली हवा पिळून काढते आणि जागच्या जागी खाली जाते. अंगात तरंगण्याचं बळ किती ठेवायचं, हे तिला हवं तेव्हा बदलता येतं! पाय शरीराच्या अगदी मागच्या टोकाला, पाण्यात रेटा द्यायला उत्तम. जमिनीवर मात्र तिला धड चालता येत नाही.

पाणकावळ्याच्या पिसाचा मधला भाग पाणी अडवतो आणि कडा भिजतात. त्यामुळे अंगालगत हवेचा पातळ थर उरतो, पण वरची बरीचशी हवा निघून जाते आणि माशामागे खोल जाणं सोपं होतं. बाहेर आल्यावर तो वठलेल्या फांदीवर पंख पसरून बसतो, तो ही ओल वाळवायला. तिरंदाज त्याच्याही पुढे गेला आहे. त्याची पिसं भिजून चिंब होतात, हाडंही जड. पोहताना सापासारखी मान तेवढी पाण्याबाहेर दिसते. त्या मानेतल्या मणक्यांची रचना अशी, की ती आक्रसून एकदम पुढे झेपावते आणि अणकुचीदार चोच माशाच्या अंगात घुसते. मग मासा वर उडवून डोक्याकडून गिळायचा. ही शिकार डोळ्यांसमोर घडली, तर त्या दिवशी दुसरं काही दिसलं नाही तरी चालेल.

कमळपक्षी तर पाण्यात उतरायच्या भानगडीतच फारसा पडत नाही. लांबलचक बोटांमुळे त्याचं वजन पसरतं आणि तो तरंगत्या पानांवरून चालतो. त्याचा संसारही उलटा. मादी आकारानं मोठी. ती एकाहून अधिक नरांशी जुळते, अंडी घालते आणि पुढच्या जोडीदाराकडे जाते. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं बापाकडे. संकट आलं की तो पिल्लांना पंखांखाली धरून उचलतो, आणि त्याच्या कुशीतून पिल्लांचे लांब पाय लोंबताना दिसतात. मला तरी पक्षिजगतात याहून लोभस काही ठाऊक नाही.

हे सगळं पाहायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले, आणि वेळ सूर्योदयापासून उन्हं चढेपर्यंतची. मात्र याच दिवसांत संक्रांत येते. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं 2017 साली देशभर बंदी घातली, तरी तो झाडांत अडकलेला सापडतोच. पाणकावळा ओले पंख पसरून बसतो त्याच फांद्यांवर तो गुंडाळलेला असतो. तेव्हा तलावावर जाताना एक छोटी कात्री खिशात ठेवा. हाताला येईल तेवढा मांजा काढा, त्याचे बारीक तुकडे करा आणि ते घरच्या कचऱ्यात टाका.