बाजारात तपकिरी दिवा का मिळत नाही?

पॅन्टोन कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये ‘मोका मूस’ ही तपकिरी छटा २०२५ चा रंग म्हणून जाहीर केली आणि पांढऱ्या-करड्या भिंतींना कंटाळलेल्यांना नवा विषय मिळाला. गडद तपकिरी भिंत खोलीला ऊब देते, असे जाहिराती सांगतात. त्या उबेकडे येऊच, पण आधी दिव्यांच्या दुकानात डोकावू. तिथे लाल, हिरवा, निळा, नारिंगी असे सगळे दिवे मिळतात. तपकिरी मात्र नाही.

मिळणारही नाही, कारण तपकिरी प्रकाश असा काही नसतोच. मोबाइलवर चॉकलेटचा फोटो दिसतो तेव्हा पडद्याचे ते ठिपके मंद नारिंगी प्रकाश देत असतात. भोवती त्याहून उजळ काहीतरी असते, म्हणून मेंदू त्याला तपकिरी ठरवतो.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात हे फार देखण्या रीतीने दाखवले. लोलकातून निघालेला शुद्ध सोनेरी-पिवळा प्रकाश त्याने पांढऱ्या पडद्यावरच्या एका छोट्या चौकोनावर पाडला आणि भोवतीचा पडदा त्याहून प्रखर पांढऱ्या प्रकाशाने उजळवला. चौकोन तपकिरी झाला! त्यातला एकही किरण बदलला नव्हता, बदलला होता तो फक्त शेजार. याच युक्तीने लाल प्रकाश तांबूस तपकिरी दिसला आणि हिरवा ऑलिव्ह. (ऊर्जेच्या अक्षय्यतेवर लिहिणारा माणूस रंगाच्या एका चौकोनासाठी एवढी खटपट करतो, हे मला भारी आवडते.) रंगदृष्टीवरून त्याच्याशी हाडवैर धरलेल्या एवाल्ड हेरिंगचे म्हणणे होते की काळेपणा म्हणजे नुसता प्रकाशाचा अभाव नव्हे, शेजारच्या उजेडामुळे दृष्टिसंस्थाच तो निर्माण करते. तपकिरीच्या बाबतीत त्याचे पारडे जड वाटते, तरी कौतुक बहुतेक हेल्महोल्ट्झच्याच वाट्याला येते.

घरी पडताळा घ्यायचा तर काळ्या कागदाची नळी करा आणि उन्हात ठेवलेला तपकिरी पुठ्ठा तिच्यातून एका डोळ्याने पाहा. भोवतीचा उजेड झाकला गेला की पुठ्ठा नारिंगीकडे झुकतो.

आता भिंतीकडे. डब्यातला रंग मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडांचा असतो, त्याला काळ्याची जोड. अजिंठ्याच्या चित्रकारांचा गेरू आणि पिवळी मातीही याच कुळातली. शेड कार्डवर ही छटा गोड दिसते, कारण तिच्याभोवती पांढरा कागद असतो. तीच खोलीभर मारली की काळपट वाटते. दोष पेंटरचा नाही, भूमिती श्रेढीचा आहे. पांढरा पृष्ठभाग सुमारे ८० टक्के प्रकाश परतवतो. खोलीत उजेड पुन:पुन्हा उसळतो, म्हणून १ + ०.८ + ०.६४ करत बेरीज ५ पर्यंत पोचते. गडद तपकिरी जेमतेम १० टक्के परतवते. तिची बेरीज १.१ वरच थांबते. भिंती, छत, फरशी सगळेच तपकिरी केले तर त्याच बल्बचा उजेड साडेचार पटींनी घटेल. शिवाय प्रत्येक उसळीत निळा भाग जास्त गिळला जातो, त्यामुळे छटा आणखी गडद होते.

राहिली ऊब. खोलीच्या तापमानाला भिंतीतून बाहेर पडणारे उष्णतेचे प्रारण दहा मायक्रोमीटरच्या आसपासचे असते, आणि त्या लांबीला पांढरा व तपकिरी हे दोन्ही घरगुती रंग जवळजवळ सारखेच काळे! दोघेही सुमारे ९० टक्के प्रारण शोषतात आणि तितक्याच सहजतेने सोडतात. उन्हात तापणाऱ्या बाहेरच्या भिंतीची गोष्ट वेगळी. आतल्या भिंतीची ऊब डोळ्यांपुरती, थर्मामीटरला तिचा पत्ता नसतो.

म्हणून तपकिरी लावूच नये असे नाही. एकच भिंत निवडा. छत आणि दारांच्या चौकटी पांढऱ्या राहू द्या. २७०० केल्विनचा दिवा लावा, कारण ६५०० केल्विनच्या निळसर उजेडात ही छटा मळकट दिसते. पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्यावर रंगाचे दोन हात मारून तो दिवसा आणि रात्री पाहा, मगच डबा उघडा. आणि त्या डब्याबरोबर पांढऱ्याचाही एक घ्या. त्याच्या शेजाराशिवाय तपकिरीला तपकिरी होता येत नाही.