टाकीतला ऊस

नगरहून हिवरे बाजार जेमतेम १७ किलोमीटर. एवढ्या अंतरात जुनी अँबॅसिडर धड तापतसुद्धा नाही. या गावाने ऊस लावायला बंदी केली, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. पण गावात येणाऱ्या पेट्रोल गाडीच्या टाकीत आज ऊस असतो, निदान त्याचा अर्क तरी. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांनी पेट्रोलची धास्ती दोनदा घेतली. आधी शिसे गेले म्हणून, आता इथेनॉल आले म्हणून.

शिसे पेट्रोलमध्ये आले ते नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिनात होणारी ठकठक, थांबवायला. ९ डिसेंबर १९२१ रोजी अमेरिकेत, जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेडचा हा गुण सापडला. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात ते हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तरी विक्री थांबली ती थोडाच काळ. गंमत म्हणजे अल्कोहोल मिसळले तरी नॉकिंग थांबते, हे मिजलींना ठाऊक होते. पण अल्कोहोल कोणीही गाळू शकतो, त्याच्यावर मक्तेदारी कशी मिळणार?

आपल्याकडे बिनशिशाचे पेट्रोल १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत मिळू लागले, तेही कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावलेल्या नव्या गाड्यांसाठी. कारण शिशाने तो कन्व्हर्टरच निकामी होतो. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले आणि जुन्या गाडीवाल्यांच्या पोटात गोळा आला.

भीती अगदी खोटी नव्हती. शिशाच्या क्षारांचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट यांच्यामध्ये उशीसारखा बसत असे. तो गेला, की लालबुंद तापलेला व्हॉल्व्ह सीटला क्षणभर चिकटतो आणि उचलला जाताना लोखंडाचा कण ओरबाडून नेतो. सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकत जातो, टॅपेटची फट बुजते. म्हणून हा रोग फसवा. बिघडत चाललेले इंजिन खडखडायचे सोडून शांत होते, आणि मालक खूश! मग एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण बसेनासा होतो, जळतो आणि हेड उघडावे लागते.

पण कोणत्या गाडीला हे भोवणार, ते तिच्या हेडवर ठरते. जुन्या अँबॅसिडरचे १४८९ सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) घराण्यातले. त्याचे हेड बिडाचे आणि सीट त्या बिडातच कोरलेली. धोका तिलाच. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे. मऊ ॲल्युमिनियममध्ये सीटची वेगळी कडी ठोकून बसवावीच लागते, त्यामुळे ती बरीचशी वाचली. विलिस जीपचे कॉम्प्रेशन तर ६.४८ इतके कमी, की ६८ ऑक्टेनच्या पेट्रोलवरही ती चाले. नॉकिंग टाळायला तिला शिशाची गरजच नव्हती.

शिवाय झीज होते ती मुख्यतः सतत वेगात, भार घेऊन पळणाऱ्या इंजिनात. रविवारी गावात चक्कर मारून येणाऱ्या अँबॅसिडरचे फारसे बिघडत नाही. फिलर गेज घालून टॅपेटची फट वरचेवर तपासायची. कधी हेड उघडलेच तर लेथवाल्याकडून कठीण पोलादाच्या सीट बसवून घ्यायच्या. माझ्या मते शिशाचा बाऊ फार झाला. शिशाने जे खरे नुकसान केले ते लहान मुलांच्या मेंदूंचे. तरी शेवटच्या देशात, अल्जीरियात, ते २०२१ पर्यंत विकले जात होते.

इथेनॉलची गोष्ट जुन्या गाडीला अधिक टोचणारी आहे. शंभर वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेले तेच अल्कोहोल आता पेट्रोलमध्ये २० टक्के असते. ऑक्टेन वाढते, हे चांगलेच. पण जुन्या रबरी नळ्या आणि फ्युएल पंपाचा पडदा त्याने फुगतो, चिरतो. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी टाकीच्या तळाशी साचते आणि पत्रा गंजतो. नळ्या बदलणे, कार्बोरेटरचा जेट थोडा मोठा करणे आणि गाडी उभी ठेवायची तर टाकी रिकामी करणे, इलाज एवढाच. नळ्यांचा खर्च हेडच्या कामापुढे काहीच नाही, पण टाळला तर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर गळते.

आता पाणी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात उसापासून एक लिटर इथेनॉल करायला किमान २८६० लिटर पाणी लागते, असा अंदाज आहे. मका आणि तांदळापासूनही इथेनॉल होते, हे खरे. पण टाकीतले इथेनॉल उसाचेच धरले, तर लिटरभर पेट्रोलमागे सुमारे ५७० लिटर पाणी झाले. नगर जिल्हा साखर कारखान्यांचा. प्रवरेचा सहकारी कारखाना इथलाच. आणि याच जिल्ह्यात, पर्जन्यछायेत, हिवरे बाजार. पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून या गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली, श्रमदानाने बांध घातले. पावसाळा सरला, की पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो. आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे, उरेल त्यावर रब्बीत काय पेरायचे ते ठरते. पाऊस कमी असेल त्या वर्षी गव्हाचे क्षेत्रही आखडते. उसाचा प्रश्न तिथे निघतच नाही.