क्षयजंतूंचा औषधप्रतिरोध : निदानाचा वेग

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या डोंगराळ, आदिवासीबहुल तालुक्यांत कुपोषणामुळे क्षयरोगाचा धोका वाढतो, तर पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांकडे होणाऱ्या स्थलांतरामुळे उपचार खंडित होण्याची शक्यता असते आणि अर्धवट उपचारातून औषधप्रतिरोध, म्हणजे औषधाला दाद न देण्याचा जंतूंचा गुण, बळावू शकतो.

हा गुण ओळखण्याच्या जुन्या पद्धतीत थुंकीतील जंतू प्रयोगशाळेत वाढवून ते औषधाच्या सान्निध्यात टिकतात का, हे पाहिले जाते. परंतु क्षयजंतूला एका विभाजनासाठी सुमारे एक दिवस लागत असल्याने निष्कर्ष हाती येण्यास अनेक आठवडे जातात.

रेणवीय तपासणीला जंतू वाढण्याची वाट पाहावी लागत नाही. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती बनवण्याची प्रक्रिया, वापरून ती आरपीओबी या जनुकातील असे बदल शोधते, ज्यांमुळे रिफाम्पिसिन हे प्रमुख औषध निष्प्रभ ठरते. गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालू शकणारे छोटे यंत्र सुमारे तासाभरात क्षयजंतूंचे अस्तित्व आणि आणखी तासाभरात रिफाम्पिसिन-प्रतिरोध दाखवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याच्या वापराची शिफारस केली.

अन्य औषधांच्या प्रतिरोधासाठी पुढील चाचण्या आवश्यकच असतात. तथापि मजूर कुटुंब गाव सोडण्यापूर्वी योग्य औषध सुरू व्हावे, यासाठी अशी तपासणी तालुक्यातच उपलब्ध असणे ही आरोग्यव्यवस्थेची प्राथमिक जबाबदारी ठरते.