न आलेल्या आकड्याचा मोह

इंदूरचे सर सेठ हुकुमचंद ‘कापसाचे राजे’ म्हणून ओळखले जात. भावावरील सट्टा या शहराला नवा नाही. मटक्याचे मूळही कापसातच आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर मुंबईत पैजा लागत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथलेच.

आजही मटका खेळणारा जुना तक्ता चाळतो आणि महिनाभर न लागलेला आकडा आता लागणारच, असे धरून चालतो. सोडत प्रामाणिक असेल (ही अटच मोठी), तर शून्य ते नऊ यांतील प्रत्येक आकड्याची शक्यता दर वेळी १० टक्केच राहते. एखादा ठरावीक आकडा ३० सोडतींत एकदाही न येण्याची शक्यता जेमतेम ४ टक्के. परंतु दहांपैकी कोणता तरी आकडा गैरहजर राहण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के आहे, आणि खेळणारा आपला आकडा तक्ता पाहिल्यानंतरच निवडतो! त्याला दिसणारा ‘संकेत’ हा योगायोगाचा नित्यक्रम असतो.

पुढे वसुलीचा हट्ट येतो. त्या आकड्यावर १० रुपयांपासून दर वेळी दुप्पट लावत गेल्यास आठ डावांत २,५५० रुपये बुडतात. सलग आठ वेळा आकडा न लागण्याची शक्यता ४३ टक्के आहे.