साडेअकरा

आमच्या टेस्ट प्लॅनमध्ये ‘नेटवर्क नसताना’ या मथळ्याखाली अकरा टेस्ट केस होत्या. अकराच्या अकरा पुण्यात पास झाल्या होत्या. पुण्यात नेटवर्क घालवायचं म्हणजे फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा. तलासरीत मात्र नेटवर्क नसतं असं नाही. असतं, जातं, मध्येच गुजरातच्या टॉवरचं येतं. नोंद सर्व्हरवर पोचते, पण पोचल्याचा निरोप परत येत नाही. मग अ‍ॅप तीच नोंद पुन्हा पाठवतं आणि एका मुलाची दोन मुलं होतात. ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या मधल्या या अवस्थेसाठी आमच्याकडे एकही केस नव्हती.

मी एका कंपनीत टेस्टिंग सांभाळते. अंगणवाडीतल्या मुलांची वजनं-उंची नोंदवण्याचं एक अ‍ॅप तपासायला डहाणू आणि तलासरी तालुक्यांत चार दिवस मिळाले होते. चार दिवसांत सगळं तपासून होत नसतं. काय सोडून द्यायचं, हे ठरवण्यातच नियोजनाचं खरं काम असतं आणि ते मी पुण्यातल्या टेबलावर बसून ठरवलं होतं.

पहिल्याच पाड्यावर दुसरा घोटाळा सापडला. एकच मूल दोनदा नोंदलं जाऊ नये म्हणून अ‍ॅप नाव, आडनाव आणि जन्ममहिना जुळवून बघत असे. आता अख्ख्या पाड्याचं आडनाव एक. त्यात जन्मवारावरून नाव ठेवायची जुनी रीत. सोमवारचा सोम्या, बुधवारचा बुध्या. अ‍ॅपने एकाच महिन्यातले दोन चुलतभाऊ एक करून टाकले. नेटवर्क एकाचे दोन करत होतं, आमची हुशारी दोघांचा एक. सेविकाताई हसल्या. “मॅडम, पटसंख्या बरोबरच येते की.”

मोजमापं बघायला बसले तेव्हा कळलं की ताईंच्या हातांना आमच्या दस्तऐवजापेक्षा जास्त माहीत आहे. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं निजवून घ्यायची, त्यावरच्याची उंची उभं करून. आडव्या मापात आणि उभ्या मापात ०.७ सेंटिमीटरचा फरक धरतात. वीस महिन्यांचं एक पोर काही केल्या निजेना. ताईंनी त्याला उभंच मोजलं आणि वहीत आकड्यापुढे लिहिलं, ‘उभा’. अ‍ॅपमध्ये हा शब्द लिहायला जागाच नव्हती. वय बघून ते माप आडवंच धरत होतं. संध्याकाळच्या कॉलवर डेव्हलपर म्हणाला, “हे रिक्वायरमेंटमध्ये नाही, म्हणजे बग नाही.” त्याचं चूक नव्हतं. पण बग नाही म्हटलं की बदलाची विनंती होते, विनंती म्हटली की वेगळा खर्च. चाळीस मिनिटं या एका शब्दावर गेली.

ती वही ताईंनी ठेवली कशाला, असं मी विचारलं होतं. १ मार्च २०२१ला केंद्राचं पोषण ट्रॅकर सुरू झालं, तेव्हा ते इंग्रजीत होतं. हातातले मोबाइलही निकृष्ट. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. “तेव्हापासून आधी वही, मग फोन,” ताई म्हणाल्या. आमच्या धंद्यात याला बॅकअप म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात.

तिसरा दिवस धुंदलवाडीकडचा. नोव्हेंबर २०१८पासून इथे भूकंपाचे धक्के बसू लागले. कामाच्या मध्येच उठावं लागलं तर काय, हा प्रश्न इथल्या माणसांना कागदावर लिहून द्यावा लागत नाही. आम्ही मोजमाप अर्धवट टाकून, बाहेर जाऊन, परत येऊन पाहिलं. भरलेलं टिकलं. मला जरा बरं वाटलं. ते तासभरच.

दंडघेराची पट्टी निघाली. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल ‘सॅम’, म्हणजे अतितीव्र कुपोषित. सीमेवरचे आकडे तपासणं हा टेस्टरचा पहिला धडा. ११.४, ११.५, ११.६ अशा तिन्ही केस मी स्वतः लिहिल्या होत्या, तिन्ही हिरव्या. इथे ताईंनी एका मुलीचे ११.२ टाकले आणि यादीत तिच्या नावापुढे आलं, ‘मोजमाप नाही’. पुन्हा टाकले, पुन्हा तेच. फोन हातात घेतला तेव्हा दिसलं. त्यांचा कीबोर्ड मराठी होता आणि अंकही मराठी. आमच्या सगळ्या टेस्ट इंग्रजी अंकांत झाल्या होत्या. अ‍ॅपला देवनागरी अंक वाचता येत नव्हते; तक्रार न करता ते रकाना कोरा ठेवत होतं.

कॉलवर कुणीतरी त्याला ‘मायनर’ म्हणालं. कीबोर्ड बदलता येतो ना! मी म्हटलं, अ‍ॅप बंद पडलं असतं तर परवडलं असतं. माणूस निदान ओरडतो तरी. रात्री मी प्लॅन फाडला. टॅबलेट, डार्क मोड, अहवालांचे रंग, सगळं काढलं. उरलेला दिवस अंकांना, दुहेरी नोंदींना आणि नावांना दिला.

नवा बिल्ड सकाळी आला. पाड्यावर तो उतरेना, म्हणून हायवेवर तलासरी नाक्याला येऊन चहाच्या टपरीवर उतरवून घेतला. दुपारी ताईंनी तेच ११.२ तसेच मराठीत टाकले. नाव लाल झालं. मी रीटेस्टपुढे ‘पास’ लिहिलं.

“आणि आधीच्या महिन्यांत कोरे गेले ते?” ताईंनी विचारलं.

त्याची केस नव्हती. ताईंनी वही काढली, मदतनीसबाईंनी चटई ओढली आणि आम्ही पहिल्या पानापासून नावं वाचायला लागलो.